मालवाहू कंटेनर : साठवण आणि निवास – एक ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाच्या व्यापाराचे स्वरूप ज्या साधनांनी बदलले त्यांत पोलादी मालवाहू कंटेनरचे स्थान अग्रभागी आहे. जहाज, रेल्वे व ट्रेलर या तिन्ही वाहनांवर सारख्याच सुलभतेने बसणारी ही पेटी मुळात मालाच्या प्रवासासाठी घडविली गेली. तथापि प्रवास संपल्यावर तिचे आयुष्य संपत नाही. गोदाम, दुकान, कार्यालय, विद्यार्थी वसतिगृह, आपद्ग्रस्तांचे निवारे आणि अलीकडे हौसेने बांधलेली शेतघरे अशा अनेक रूपांत ती पुन्हा वापरात येते. मुंबई-पुणे परिसरात आणि कोकणपट्टीतही जुना कंटेनर विकत घेऊन तो जमिनीवर ठेवण्याचा विचार व्यक्ती व संस्था करू लागल्या आहेत. महाविद्यालयांसारख्या संस्थांपुढेही जुने दप्तर, क्रीडासाहित्य, प्रयोगशाळेतील निकामी उपकरणे यांच्या साठवणीचा आणि प्रसंगी वसतिगृहाचा प्रश्न असतो. त्यामुळे ‘कंटेनर आपल्या गरजेला योग्य आहे काय?’ हा प्रश्न केवळ बाजारभावाचा राहत नाही. त्याचे उत्तर या वस्तूच्या इतिहासात बऱ्याच अंशी सापडते.

प्रस्तुत निबंधात तीन उद्दिष्टे समोर ठेवली आहेत. पहिले, कंटेनरची घडण कोणत्या प्रयोजनातून झाली हे पाहणे. दुसरे, साठवण व निवास या दोन उपयोगांसाठी त्याचा जो पुनर्वापर देशोदेशी झाला त्याची निवडक उदाहरणे तपासणे. तिसरे, या अनुभवाच्या आधारे निर्णयाचे निकष मांडणे. साठवणीसाठी जो गुण ठरतो तोच निवासासाठी दोष ठरतो, हे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

साठवणीची आणि निवासाची देशी परंपरा

महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात धान्य साठविण्याची जागा आणि माणसाने राहण्याची जागा यांची रचना परस्परविरोधी तत्त्वांवर होत असे. पेव हे त्याचे ठळक उदाहरण होय. जमिनीत खोल खड्डा खणून त्यात धान्य भरावयाचे व तोंड दगड-मातीने लिंपून बंद करावयाचे, अशी ही पद्धत होती. आत हवा व ओल जाऊ नये हाच तिचा हेतू असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेला वायू निघून जाईपर्यंत थांबावे लागे, कारण धान्याला सुरक्षित ठेवणारी ती कोंडलेली हवा माणसाच्या जिवावर बेतणारी असे. घराच्या भिंतीतच बांधलेले बळद, शेणामातीने लिंपलेली कणगी आणि पन्हाळगडावरील गंगा, यमुना व सरस्वती या नावांच्या अंबरखान्याच्या भक्कम कोठ्या यांतही बंदिस्तपणाचे हेच तत्त्व लहानमोठ्या प्रमाणावर दिसते.

याउलट घराची रचना हवा खेळती ठेवण्यासाठी होती. वाड्यातील चौक, ओसरी आणि सोपा, कोकणातील उतरते कौलारू छप्पर व भोवतीची पडवी, मराठवाड्यातील मातीचे जाड माळवद ही सारी त्या त्या प्रदेशाच्या ऊन-पावसाला दिलेली उत्तरे होती. कौलांच्या फटींतून हवा निघून जाई, तर माळवदाच्या जाडीमुळे दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास वेळ लागे. कोठार बंद असावे आणि घर श्वास घेणारे असावे, हा भेद लोकांच्या अनुभवातून आलेला होता. कंटेनरच्या बाबतीत नेमका हाच भेद दृष्टिआड होतो. म्हणून त्याच्या घडणीचा इतिहास प्रथम पाहणे आवश्यक आहे.

कंटेनरची घडण : प्रयोजन आणि प्रमाणीकरण

कंटेनरपूर्व काळात बंदरातील माल सुटा असे. पोती, गाठी, पिंपे, खोकी एकेक करून जहाजात चढविली जात व उतरविली जात. मुंबई बंदराचा इतिहास याची साक्ष देतो. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाल्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक सुरू झाले. त्यांच्या पाठीशी शहराच्या पूर्व किनाऱ्यावर गोदामांची लांबच लांब रांग उभी राहिली. कापसाच्या गाठींसाठी कॉटन ग्रीन परिसर विकसित झाला. या व्यवस्थेत साठवण म्हणजे इमारत आणि वाहतूक म्हणजे हमालांचे श्रम असे समीकरण होते. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा १९४८चा केंद्रीय कायदा आणि १९६९चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा यांची पार्श्वभूमी या श्रमव्यवस्थेतच आहे.

अमेरिकेतील ट्रकव्यावसायिक माल्कम मॅक्लिन यांनी या व्यवस्थेला पर्याय दिला. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल चढविण्यास टनामागे ५ डॉलर ८६ सेंट खर्च येत असे. या पद्धतीत तो सुमारे १६ सेंटवर आला. मॅक्लिन यांचे अभियंता कीथ टँटलिंगर यांनी पेटीच्या कोपऱ्यांची जोडणी व तिला पकडणारे फिरते कुलूप विकसित केले. १९६० च्या दशकात या जोडणीचे हक्क खुले करण्यात आल्याने सर्वांना मान्य होणारे प्रमाण ठरविणे शक्य झाले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९६८ मध्ये कंटेनरच्या मापांचे मानक प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये सुरक्षित कंटेनरविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला व तो १९७७ मध्ये अमलात आला. प्रत्येक कंटेनरवर सुरक्षा-पट्टी बसविण्याची पद्धत या करारातून आली.

भारतात कोचीन बंदरात नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘प्रेसिडेंट टायलर’ हे जहाज कंटेनर घेऊन आले आणि या युगाचा आरंभ झाला. १९८८ मध्ये भारतीय कंटेनर निगम स्थापन झाले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. त्यानंतर उरण-पनवेल परिसरात कंटेनरांचे तळ पसरत गेले, तर मुंबईच्या जुन्या गोदीतील हातकामाचे महत्त्व ओसरत गेले. साठवणीची जागा इमारतीतून पेटीत गेली आणि ती पेटी चालती झाली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. कंटेनरचे माप, जाडी, दार, फळ्या व रंग या प्रत्येक बाबीमागे मालाचा विचार आहे. त्यात माणसाचा विचार केवळ माल भरणारा व उतरविणारा एवढ्यापुरताच आला आहे.

रचनेतील गुण आणि मर्यादा

प्रमाणित वीस फुटी कंटेनरची बाहेरील लांबी ६.०५८ मीटर, रुंदी २.४३८ मीटर व उंची २.५९१ मीटर असते. आतील मोकळी जागा सुमारे ५.९० मीटर लांब, २.३५ मीटर रुंद व २.३९ मीटर उंच भरते. म्हणजे तळाचे क्षेत्रफळ जेमतेम १४ चौरस मीटर व घनफळ सुमारे ३३ घनमीटर होते. रिकाम्या पेटीचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास असते. चाळीस फुटी कंटेनरची लांबी १२.१९२ मीटर असली तरी रुंदी तीच राहते. ‘हाय क्यूब’ या प्रकारात बाहेरील उंची २.८९६ मीटर व आतील उंची सुमारे २.६९ मीटर मिळते.

गंजाला तोंड देणाऱ्या विशेष पोलादाच्या दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नालीदार पत्र्याच्या भिंती, चार कोपऱ्यांत जाड खांब, खाली पोलादी आडव्या तुळयांवर सुमारे २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची जमीन आणि एका टोकाला रबरी किनारीची दुहेरी दारे, अशी ही रचना असते. वर रचलेल्या कंटेनरांचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली उतरतो. त्यामुळे भरलेल्या पेट्यांचे अनेक थर एकावर एक रचता येतात. परंतु छताचा पत्रा हा भार वाहत नाही. छताची चाचणी ६०० गुणिले ३०० मिलिमीटर एवढ्या लहान भागावर ३०० किलो वजन ठेवून घेतली जाते. एखाददुसरा कामगार वर चढला तर छताने त्याला झेलावे, एवढीच अपेक्षा या चाचणीत असते. नालीदार भिंती पेटीला आडव्या धक्क्यांपासून सावरतात. त्या कापून मोठी खिडकी किंवा दार काढले की पेटीचा ताठपणा कमी होतो आणि तेथे पोलादी चौकट घालून भरपाई करावी लागते. कंटेनर जमिनीत पुरून तळघर करण्याची कल्पनाही याच कारणाने धोक्याची आहे. मातीचा दाब कोपऱ्यांवर न येता बारीक पत्र्यावर येतो.

दुसरा प्रश्न उष्णतेचा आणि ओलीचा आहे. पोलाद उष्णता चटकन वाहून नेते. उन्हात बंद कंटेनर बाहेरच्या हवेपेक्षा बराच अधिक तापतो आणि रात्री झपाट्याने निवतो. आतील हवेतील बाष्प थंड पत्र्यावर जमते व छतावरून थेंब गळू लागतात. जहाजवाहतुकीत या प्रकाराला ‘कंटेनरमधला पाऊस’ असेच म्हणतात. छप्पर कोठेही फुटलेले नसताना आतील पोती भिजलेली आढळतात, त्यामागे हेच कारण असते. कोकणच्या दमट व खारट हवेत हा प्रश्न अधिक तीव्र होतो.

तिसरी बाब पूर्वेतिहासाची. लांबच्या सागरी प्रवासात लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून कंटेनरच्या प्लायवूडवर कीटकनाशकांची प्रक्रिया केलेली असते. बाहेरील रंगही समुद्राच्या खाऱ्या हवेला टिकावा असा निवडलेला असतो. शिवाय त्या पेटीतून पूर्वी कोणता माल गेला हे नेहमी कळतेच असे नाही. मालासाठी या गोष्टी गौण आहेत. जेथे माणूस झोपणार तेथे त्या गौण ठरत नाहीत.

साठवणीसाठी पुनर्वापर

साठवणीचा पुनर्वापर जवळपास कंटेनरइतकाच जुना आहे. अमेरिकी सैन्याने १९५० च्या दशकापासून ‘कॉनेक्स’ नावाच्या लहान पोलादी पेट्या वापरल्या. व्हिएतनाम युद्धात त्या मोठ्या संख्येने पाठविल्या गेल्या. त्यांपैकी अनेक परत आल्याच नाहीत. छावण्यांनी त्यांचा उपयोग भांडार, कार्यालय, दवाखाना, इतकेच नव्हे तर वाळूच्या पोत्यांआड खंदकासाठीही केला. कोरडी, कुलूपबंद व हलविता येणारी जागा जेथे दुर्मीळ होती तेथे रिकामी पेटी मालापेक्षा मोलाची ठरली.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर कंटेनरचा दुसरा मोठा पुनर्वापर बाजारपेठेच्या रूपाने झाला. किरगिझस्तानची राजधानी बिश्केक येथील दोरदोई बाजार आणि युक्रेनमधील ओदेसा शहराबाहेरचा ‘सातवा किलोमीटर’ बाजार हे मुख्यतः कंटेनरांचे बनलेले आहेत. दोरदोईमध्ये एकावर एक ठेवलेल्या दोन पेट्यांपैकी खालची दुकान व वरची गोदाम म्हणून वापरली जाते. इमारती बांधण्यास भांडवल नव्हते, जमिनीच्या हक्कांची शाश्वती नव्हती आणि आयातीबरोबर पेट्या येत होत्या. अशा परिस्थितीत हा पर्याय व्यवहार्य ठरला. येथे माणसे दिवसभर दारे उघडी ठेवून व्यापार करतात. रात्री पेटी बंद करून घरी जातात. पेटीचा मूळ स्वभाव येथे बदलावा लागला नाही, हे या प्रयोगाच्या टिकाऊपणाचे कारण मानता येईल.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरातही याच स्वरूपाचा अनुभव आला. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला कंटेनरांतील २७ दुकानांची ‘री-स्टार्ट’ ही पेठ सुरू झाली. २०१८ पर्यंत ती चालली आणि कायम इमारती उभ्या राहिल्यावर उठविली गेली. कड्यांवरून कोसळणारे दगड अडविण्यासाठी रस्त्यांच्या कडेला कंटेनरांच्या भिंतीही रचल्या गेल्या. तात्पुरते काम तात्पुरतेच राहिले आणि साधन परत नेता आले, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य होय.

साठवणीच्या बाबतीत कंटेनर उपयुक्त ठरतो याविषयी इतिहास निःसंदिग्ध आहे. मात्र कोणत्या वस्तूंची साठवण, हा प्रश्न शिल्लक राहतो. अवजारे, बांधकामाचे साहित्य, क्रीडासाहित्य, यंत्रांचे सुटे भाग यांना तो सुखेनैव सामावून घेतो. कागद, पोथ्या, छायाचित्रे, वाद्ये, बियाणे व औषधे यांची गोष्ट वेगळी आहे. तापमान व आर्द्रता यांच्या रोजच्या चढउताराने ती खराब होतात. एखाद्या ग्रंथालयाने जुनी नियतकालिके किंवा हस्तलिखिते साध्या कंटेनरमध्ये ठेवणे म्हणजे कुलूप लावून त्यांचा ऱ्हास होऊ देणे होय. अशा साहित्यासाठी उष्णतारोधक अस्तर, हवेची ये-जा आणि आर्द्रता शोषणारी व्यवस्था अनिवार्य आहे. तो खर्च धरल्यावर पक्क्या इमारतीतील एखादी खोली अधिक स्वस्त पडण्याचा संभव असतो.

निवासासाठी पुनर्वापर

निवासाच्या कल्पनेला विधिवत स्वरूप १९८० च्या दशकात आले. फिलिप क्लार्क या अमेरिकी संशोधकाने पोलादी कंटेनरांचे राहण्यायोग्य इमारतीत रूपांतर करण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी १९८७ मध्ये अर्ज केला व १९८९ मध्ये ते मंजूर झाले. पुढे लंडनच्या ट्रिनिटी बॉय व्हार्फ या जुन्या गोदीच्या जागेत २००१ मध्ये ‘कंटेनर सिटी’ उभी राहिली. पेट्यांची मांडणी चार दिवसांत पूर्ण झाली होती. तथापि हा प्रकल्प प्रारंभी कलावंत व लघुउद्योजकांच्या कार्यशाळांचा होता, हे अनेकदा विसरले जाते.

अ‍ॅमस्टरडॅममधील कीटवोनेन ही विद्यार्थी वसाहत निवासाच्या प्रयोगांत सर्वाधिक चर्चिली गेली. २००५-०६ मध्ये सुमारे १,००० घटकांची ही वसाहत पाच वर्षांसाठी म्हणून उभारली गेली. विद्यार्थ्यांच्या घरटंचाईमुळे तिची मुदत वाढत गेली व दशकाहून अधिक काळ ती वापरात राहिली. प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र स्नानगृह, स्वयंपाकाची सोय व सज्जा मिळाला. परंतु या पेट्या वापरून टाकून दिलेल्या नव्हत्या. त्या कंटेनरच्या मापात चीनमध्ये निवासासाठीच तयार करविल्या होत्या. त्यांना उष्णतारोधक अस्तर होते आणि वसाहतीवर पावसासाठी वेगळे छप्पर घातले होते. म्हणजे यशाचे श्रेय कंटेनरच्या मापाला व वाहतूकक्षमतेला जाते, जुन्या कंटेनरच्या पुनर्वापराला नव्हे. फ्रान्समधील ल हाव्र येथे २०१० मध्ये जुन्या कंटेनरांतून १०० विद्यार्थ्यांच्या खोल्या तयार झाल्या. तेथे आग व आवाज यांपासून संरक्षणासाठी काँक्रीटच्या भिंती घालाव्या लागल्या आणि पेट्या वेगळ्या धातूच्या सांगाड्यावर बसवाव्या लागल्या. जी पेटी स्वतःच सांगाडा म्हणून नावाजली जाते तिलाच दुसऱ्या सांगाड्याचा आधार द्यावा लागावा, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

जपानमधील ओनागावा येथील प्रयोग या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर या गावात सपाट जमीन फारच थोडी उरली. वास्तुविशारद शिगेरू बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर वीस फुटी कंटेनर तीन मजल्यांपर्यंत बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक रचून १८९ कुटुंबांची सोय केली. लहान मुलांच्या खोल्या व स्नानगृहे पेट्यांत ठेवली. दोन पेट्यांमधील मोकळ्या जागेला काच लावून तेथे कुटुंबाची बैठक केली. कुटुंब एकत्र बसते ती जागा पेटीच्या आत नसून पेट्यांच्या मध्ये आहे. कंटेनरची मर्यादा ओळखून केलेली ही रचना असल्यामुळेच ती यशस्वी झाली.

येथे एका भाषिक घोटाळ्याकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानात ‘कंटेनर नगरे’ वसविली गेली. ती बहुतांशी मालवाहू पेट्यांची नसून उष्णतारोधक पट्ट्यांच्या, कारखान्यात जोडलेल्या खोल्यांची होती. आपल्याकडे बांधकामाच्या जागी दिसणाऱ्या ‘पोर्टा केबिन’ या जातीच्याच त्या होत. दोन्हींना एकच नाव असल्याने एकाचे गुण दुसऱ्याला चिकटविले जातात. खरेदीपूर्वी हा फरक समजून घेणे इष्ट ठरते.

भारतीय परिस्थिती आणि निकष

भारतीय राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली व २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तीनुसार एकच खोली असलेल्या घरात त्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर, रुंदी किमान २.४ मीटर आणि राहण्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असावी. वीस फुटी कंटेनर क्षेत्रफळाच्या अटीत बसतो. पण त्याची आतील रुंदी २.३५ मीटर, म्हणजे पाच सेंटिमीटरने कमी भरते. ‘हाय क्यूब’ घेतला तरी २.६९ मीटर उंची सहा सेंटिमीटरने तोकडी पडते. वातानुकूलित खोलीसाठी २.४ मीटर उंची चालते, परंतु रुंदीची अडचण तशीच राहते. हे अंतर नगण्य वाटेल. प्रत्यक्षात आपल्या हवामानात भिंतींना आतून प्रत्येकी ७५ मिलिमीटर अस्तर लावले की रुंदी २.२० मीटरवर येते. खाट ठेवल्यावर चालण्यापुरतीच वाट उरते. अस्तर बाहेरून लावल्यास आतील जागा वाचते, पण त्याला पावसापासून संरक्षण म्हणून आणखी एक आवरण हवे. दोन पेट्या शेजारी ठेवून मधल्या भिंती काढल्यास प्रशस्त खोली मिळते. मात्र तेव्हा पोलादी आधार, पाया व सांधे जलरोधक करण्याचा खर्च वाढतो.

उष्णतेविषयी महाराष्ट्राला कटू पूर्वानुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बेघर कुटुंबांना पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहावे लागले. जाड मातीच्या माळवदाखाली वाढलेल्या माणसांना मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दिवस काढावे लागले. मुंबईतील संक्रमण शिबिरे हे दुसरे उदाहरण. जुन्या इमारतींची पुनर्बांधणी होईपर्यंत म्हणून जेथे कुटुंबे नेली गेली तेथे अनेकांची दशके गेली. कंटेनरचा निवारा स्वस्त व शीघ्र असल्याने तो ‘तात्पुरता’ म्हणून मंजूर करणे सोपे असते. मात्र तो केव्हा हलविला जाणार हे लिहून ठेवलेले नसते. जो निवारा स्वतःसाठी निवडला जातो आणि जो दुसऱ्यावर, म्हणजे मजूर, आपद्ग्रस्त वा विद्यार्थी यांच्यावर लादला जातो, त्यांतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो.

कायदेशीर बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. परदेशातून मालासोबत आलेले टिकाऊ कंटेनर सहा महिन्यांत परत निर्यात करण्याच्या अटीवर सीमाशुल्कातून सूट देण्याची तरतूद १९९४ च्या अधिसूचनेने केली. अशी पेटी देशात विकावयाची तर शुल्काची पूर्तता झालेली असली पाहिजे. म्हणून विक्रेत्याकडून मालकी व सीमाशुल्क यांची कागदपत्रे घेणे अगत्याचे आहे. राहण्यासाठी ठेवलेला कंटेनर चाकांवर आला असला तरी जमिनीवर बसल्यानंतर स्थानिक प्राधिकरणाच्या बांधकाम परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो. तो आधीच विचारून घ्यावा हे उत्तम.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ओल व उष्णतेने न बिघडणाऱ्या वस्तूंच्या साठवणीसाठी कंटेनर योग्य आहे. तो चारही कोपऱ्यांखाली भक्कम व समपातळीतील आधार देऊन जमिनीपासून थोडा उंच ठेवावा, म्हणजे तळाच्या तुळया कोरड्या राहतात. ट्रेलर व क्रेन यांना पुरेशी वाट आहे किंवा नाही हे प्रथम पाहावे.

२. कागदपत्रे, ग्रंथ व बियाणे यांसाठी साधा कंटेनर अयोग्य आहे. अस्तर व आर्द्रता नियंत्रणाचा खर्च धरूनच इमारतीशी तुलना करावी.

३. विकत घेण्यापूर्वी पेटीत शिरून दार बंद करून पाहावे. कोठून उजेड आत येतो तेथून पाणीही येणार, हे निश्चित समजावे. सुरक्षा-पट्टी, दाराचे रबर, तळाच्या तुळया व कोपऱ्यांचे खांब तपासावेत.

४. कार्यशाळा, दुकान, उपाहारगृह अशा दिवसा वापरावयाच्या व दारे उघडी राहणाऱ्या जागांसाठी कंटेनर मध्यम बदलांनिशी उपयुक्त ठरतो.

५. निवासासाठी एकटा कंटेनर भारतीय मानकांत बसत नाही. जेथे तो यशस्वी झाला तेथे वेगळे छप्पर, अस्तर, सांगाडा किंवा मोकळ्या जागा यांची जोड द्यावी लागली. ही जोड देण्याची तयारी व मुदतीची लेखी हमी नसेल तर हा पर्याय स्वीकारू नये.

६. पर्यावरणरक्षणाचा दावा जुन्या, व्यापारातून निवृत्त पेटीपुरताच खरा आहे. नवी पेटी घराकरिता घेतल्यास घराला लागते त्याहून अधिक पोलाद खर्ची पडते.

एकंदरीत, पेटी जोवर पेटी म्हणून वापरली जाते तोवर ती स्वस्त असते. तिचे घर करावयाचे म्हटले की खर्च घराचाच येतो. तो खर्च टाळला तर त्याची किंमत आत राहणाऱ्याला मोजावी लागते. पेव उघडल्यावर काही काळ थांबून मगच आत उतरण्याचा जुना सावधपणा कंटेनरच्या बाबतीतही बाळगणे हितावह ठरेल.